तारकर्ली, गणपतीपुळे आणि गोवा? त्यापेक्षा एकच गाव धरा

प्रश्न नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरच्या एका कुटुंबाचा आहे. सहा जण: नवरा-बायको, नऊ आणि तेरा वर्षांची दोन मुलं, सत्तरी ओलांडलेले आई-बाबा. आई शाकाहारी. बाबांना मासे आवडतात, पण "काट्यांची भीती वाटते". नाताळच्या सुट्टीत पाच दिवस मोकळे आहेत. रिसॉर्ट नको, गर्दी नको, एखादं शांत मच्छीमारांचं गाव आणि घरगुती जेवण हवं. शेवटी एक ओळ आहे: "जमलं तर तारकर्ली, गणपतीपुळे आणि गोवा हे तिन्ही करायचं आहे."

तिन्ही काढून टाका. तारीख पुढं-मागं करा, पाचाचे सात दिवस करा आणि एकाच गावात, एकाच घरात किमान चार रात्री राहा. का, ते आता सांगते. थोडं लांबेल.

मी सोळा वर्षं नागपूरहून कुटुंबांना कोकणात पाठवते. माझं कोकणात कोणी नाही, मी नागपूरच्या महाल भागात वाढलेली. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो बाविसाव्या वर्षी. त्यामुळं जे कळलं ते बहुतेक चुका करून कळलं, आणि त्यातल्या काही चुका लोकांच्या पैशानं केल्या.

आधी अंतराचा हिशोब. पुण्या-मुंबईचा माणूस शुक्रवारी रात्री निघतो आणि शनिवारी सकाळी माडाखाली चहा पितो. आपलं तसं नाही. नागपूर-मडगाव विशेष गाडी आठवड्यातून दोनदा असते. दुपारी नागपूर सोडलं की वर्धा, अकोला, भुसावळ, कल्याण, पनवेल करत दुसऱ्या दिवशी दुपारी ती कणकवली-कुडाळला लावते. म्हणजे जवळजवळ एक पूर्ण दिवस जाण्यात, तेवढाच येण्यात. 'विशेष' असल्यानं तिला थोड्या थोड्या काळाची मुदतवाढ मिळत राहते, म्हणून तिकीट काढण्याआधी ती त्या तारखांना आहे का ते बघा. नाहीतर रात्रीच्या गाडीनं मुंबई, दिवसभर कुठंतरी टेकायचं आणि रात्री कोकणकन्या एक्सप्रेस. सत्तरीच्या माणसांना हे मी सुचवणार नाही.

विमानानं गेलात तर तिकिटावर मोपा लिहिलंय का दाबोळी, ते वाचा. मोपा गोव्याच्या अगदी उत्तरेला, सिंधुदुर्गाच्या वेशीवर आहे. तिथून वेंगुर्ला तासाभरावर, मालवण दोनेक तासांवर. दाबोळीला उतरलात तर सगळा गोवा ओलांडून वर यावं लागतं. ११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशी सकाळी आपल्याकडं समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा आणि संध्याकाळी मोपाचा विमानतळ, अशी दोन्ही उद्घाटनं झाली होती. त्या दिवशी मी घरात म्हटलं होतं की आता धंदा वाढणार. वाढला, पण समृद्धीमुळं नाही. समृद्धी तुम्हाला ठाण्याकडं नेते आणि तिथून पुन्हा खाली मुंबई-गोवा महामार्गाला लागायचं. गाडीनंच जायचं असेल तर वर्धा, यवतमाळ, नांदेड, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर हा रस्ता धरा. नऊशे किलोमीटरहून जास्त आहे, दोन दिवस लागतात. पण मधे तुळजापूरचं किंवा कोल्हापूरचं दर्शन होतं आणि आई-बाबा त्यावर खूश असतात. शेवटचा घाट दिवसाउजेडी उतरा.

या हिशोबात रेल्वेनं गेलात तरी पाचातले दोन दिवस प्रवासात गेले. उरलेल्या तीन दिवसांत तीन गावं म्हणजे रोज सकाळी बॅगा भरणं. गणपतीपुळे ते मालवण हा अर्ध्या दिवसाचा रस्ता आहे आणि तो समुद्राच्या कडेनं जात नाही, घाटवळणांतून जातो. मुलं ओकतात.

आता तारीख. नाताळ ते १ जानेवारी या आठवड्यात मालवण-तारकर्ली पट्ट्यात पाय ठेवायला जागा नसते. जी बाई एरवी दोन खोल्यांतल्या आठ जणांचं निवांत रांधते, तिच्या अंगणात त्या आठवड्यात पंधरा जण असतात आणि ओट्यावर आणखी कोणाच्या गाद्या. मासळीची मागणी इतकी वाढते की मच्छीमारांच्या गावात बाहेरून बर्फातली मासळी आणावी लागते. हजार किलोमीटरवरून जाऊन तेच खायचं असेल तर आपल्या मार्केटात काय वाईट आहे? शिवाय डिसेंबरात आपल्याकडं विधिमंडळाचं अधिवेशन असतं. त्या दिवसांत नागपूरहून येण्याजाण्याच्या विमानांचे दर काय होतात ते तुम्हाला माहीतच आहे.

तुम्ही डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा संक्रांतीच्या आसपासचा आठवडा घ्या. मुलांची चार दिवस शाळा बुडेल. बुडू द्या.

एक तारीख मात्र कधीच घेऊ नका, आणि ती खास आपल्या विदर्भाची चूक आहे. उन्हामुळं आपल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राहून उशिरा, जूनच्या शेवटाकडं उघडतात. त्यामुळं नागपूरच्या माणसाला वाटतं, जूनचा पहिला पंधरवडा मोकळा आहे, दर उतरलेत, गर्दीही नाही. २०१० साली मी अशाच हिशोबानं तीन कुटुंबं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाठवली. तिथं मासेमारी बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना राज्यात बंदीच असते, तो माशांच्या विणीचा काळ. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी मे अखेरीलाच थांबलेली. समुद्र मातकट आणि उसळलेला, पाऊस आडवा. चार दिवस लोकांनी सुक्या बांगड्याची चटणी आणि डाळ खाल्ली आणि पत्ते कुटले. परत आल्यावर एका काकांनी माझ्यासमोर प्लास्टिकची पिशवी ठेवली, त्यात भिजून लगदा झालेलं माझंच माहितीपत्रक होतं. त्यावर छापलं होतं, 'ताजी मासळी, निळा समुद्र'. निम्मे पैसे परत केले. तेव्हापासून मी सुट्टीची तारीख विचारण्याआधी गावाचं काय चाललंय ते विचारते.

गावाचं पंचांग वेगळं असतं. गणपतीत आणि शिमग्यात गाड्याही मिळत नाहीत आणि यजमानही मोकळे नसतात. मुंबईचे सगळे चाकरमानी घरी आलेले असतात, तुम्हाला द्यायची खोली त्यांच्या भावाची असते. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला मालवण तालुका तुडुंब भरतो. आणि आचऱ्यासारख्या गावात दर काही वर्षांनी गावपळण असते. देवाचा कौल झाला की सगळं गाव माणसं, गुरं, कोंबड्या घेऊन तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातं. त्या दिवसांत तुमचं आरक्षण पडलं तर खोलीच काय, गावच मिळणार नाही. हसू नका, फोनवर विचारून घ्या.

याच पंचांगात एक चांगली गोष्टही आहे. दिवाळीनंतर भात घरात आलं की तिथं गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार होतो, पहाटेपर्यंत. आपल्याकडं याच दिवसांत भंडारा-गडचिरोलीत झाडीपट्टीची नाटकं रंगतात, तोच हंगाम आणि तेच रात्रभराचं जागरण. फरक इतकाच की दशावतारी नटाकडं लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, बोलणं तिथल्या तिथं. तुमचे बाबा झाडीपट्टी पाहिलेले असतील तर त्यांना हे दाखवाच. यजमानांना विचारा, "या आठवड्यात जत्रा कुठल्या गावची?"

आता कुठलं गाव. सिंधुदुर्ग १९९७ सालीच पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तरी सगळी गर्दी चार-पाच ठिकाणीच गोळा होते, बाकीची किनारपट्टी बऱ्यापैकी आपल्या कामात असते. निवती मला सगळ्यात आवडतं: बंदर, खडक, वर किल्ल्याचे अवशेष. पण चढउतार आहे, तुमच्या आईच्या गुडघ्यांना जमणार नाही. भोगवे देखणं आहे, त्याचं आता नावही झालंय. तुमच्यासाठी मी तोंडवळी-तळाशीलचा पट्टा सांगेन. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी, मधे माडांची अरुंद सपाट पट्टी. आई-बाबांना चालायला वाळूचीच वाट आहे, पण चढ नाही. संध्याकाळी समुद्राकडं तोंड करून बसा, सकाळी खाडीकडं. कणकवली स्टेशनापासून आचऱ्याच्या रस्त्यानं तासा-सव्वातासात पोचता, आणि दवाखाना-औषधांसाठी मालवण हाताशी आहे.

मार्चमध्ये जाऊ शकणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी रत्नागिरी जिल्ह्यातलं मंडणगड तालुक्यातलं वेळास धरावं. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं तिथं सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात आणि गावकरीच घरात उतरवून घेतात. पिल्लं किती निघतील ते कोणाच्या हातात नसतं. शून्य निघाली म्हणून मला फोन करू नका.

घर निवडताना फोटोंवर जाऊ नका. 'समुद्राला लागून' या शब्दांत रस्ता, नाला, दुसऱ्याचं कुंपण असं काहीही बसतं. मी यजमानांना व्हॉट्सअ‍ॅपवर एकच व्हिडिओ मागते: फाटकातून निघा आणि न थांबवता पाण्यापर्यंत चालत जा. तीन मिनिटांचा तो व्हिडिओ सगळं सांगतो. वाटेत काय आहे, वाळू कशी आहे, शेजारी बांधकाम चालू आहे का, सगळं. मग फोनवर घरातल्या बाईशीच बोला, कारण जेवण तिच्या हातचं असणार आणि 'हो'-'नाही' तिचंच खरं. तुम्ही याच घरात राहता का? न्हाणीघर आतून आहे की पडवी ओलांडून? कमोड आहे का? (आईसाठी हा प्रश्न समुद्रापेक्षा मोठा आहे.) वीज गेली तर पंखा चालतो का? गाडीनं जाणार असाल तर चालक कुठं झोपेल? पर्यटन विभागाच्या 'निवास व न्याहारी' योजनेत नोंदणी असेल तर उत्तम, प्रमाणपत्राचा फोटो मागायला लाजू नका. पण नोंदणी नसलेली चांगली घरंही मला ठाऊक आहेत आणि नोंदणी असलेलं एक कळकट घरही. पूर्ण पैसे आधी कोणालाच पाठवू नका. घर खरंच आहे का, हे त्या गावातल्या दुसऱ्या एखाद्या घरमालकाला विचारलं की दोन मिनिटांत कळतं.

'शांत' या शब्दाबद्दलही बोलायला हवं. पहाटे तीन-चारला होड्यांची इंजिनं सुरू होतात. मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडं वाहत असतो तेव्हाच बाहेर पडायचं असतं, ते काही तुमच्या झोपेसाठी थांबत नाहीत. सकाळी बर्फ फोडण्याचा आवाज, मासळीवरून भांडणं, मागं लागलेली कुत्री. अंगणात, वाळूवर, दोरीवर मासे सुकत असतात आणि त्यांना वास असतो. मला दरवर्षी एकदा तरी फोन येतो, "मॅडम, खोलीला मासळीचा वास येऊन राहिला." येणारच, ताई. ते त्यांचं धान्य आहे, आपण गच्चीवर कुरड्या वाळवतो तसं. वास नकोच असेल तर मच्छीमारांचं गाव तुमच्यासाठी नाही, समुद्रकाठचं हॉटेल आहे. त्यात कमीपणा काही नाही, फक्त ते निघण्याआधी ठरवा. मी म्हणते ती शांतता दुपारी बारा ते चारच्या मधे असते. जाळी विणणारा एखादा म्हातारा सोडला तर गाव झोपलेलं असतं.

आणि एक सकाळ रापणीसाठी ठेवा. या किनाऱ्यावरच्या गाबीत लोकांची ही जुनी सामायिक मासेमारी. होडी किनाऱ्यावरून जाळं सोडत निघते, समुद्रात अर्धवर्तुळ मारते आणि दुसरं टोक दूरवर पुन्हा वाळूवर आणून देते. मग दोन्ही टोकांना माणसं लागतात. दोर कमरेला घेऊन पाठमोरे मागं मागं जातात. मागच्या टोकाचा माणूस दोर गुंडाळून ठेवतो आणि धावत पुन्हा पुढं, पाण्याशी. कोणी ओरडत नाही. तासभर काहीच होत नाही, मुलं कंटाळतात. मग दोन्ही रांगा एकमेकींकडं सरकू लागतात, वर घारी जमतात, पाण्याचा रंग बदलतो आणि जाळ्याचा शेवटचा खोळ वाळूवर येतो तेव्हा आत पेडव्यांची (बारीक चंदेरी मासे) चांदी तडतडत असते. अक्षरशः तडतडत, गरम तेलात मोहरी टाकावी तसा आवाज. बायका पाट्या घेऊन आधीच बसलेल्या असतात. जाळं ज्यांचं ज्यांचं आहे आणि ज्यांनी ज्यांनी ओढलं आहे, त्यांचे वाटे तिथंच वाळूवर पडतात. मागच्या हिवाळ्यात बजाजनगरच्या एका मुलानं वीस मिनिटं दोर ओढला होता, हात सोलवटले होते. कोणीतरी न बोलता सहा बांगडे त्याच्या टोपीत टाकले. तो ती टोपी धुवू देत नाही असं त्याची आई सांगते.

कधी जाळं रिकामंच येतं. हल्ली जास्त वेळा येतं, असं रापणकर सांगतात, आणि त्याचं खापर ते पर्ससीनवर, म्हणजे मोठ्या जाळ्यानं माशांचा थवाच्या थवा वेढणाऱ्या मोठ्या होड्यांवर फोडतात. त्या मासेमारीवर राज्य सरकारनं २०१६ साली निर्बंध घातले, तरी हा वाद किनाऱ्यावर अजून गरम आहे. पाहुण्यांनी त्यात पडू नये, पण "आज कमी का?" असं दाखवून विचारूही नये. दोर ओढायचा असेल तर आधी विचारा. जाळ्यावर पाय देऊ नका, होडीत चपला घालून चढू नका. मासे निवडणाऱ्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. तुमच्या ऑफिसात कोणी येऊन टेबलाचे फोटो काढले तर कसं वाटेल, तसं.

जेवणाकडं येते. बाबांची काट्यांची भीती ही आपल्या रोहू-कतल्याची भीती आहे. त्या गोड्या पाण्यातल्या माशांच्या मांसात बारीक दुटोकी काटे विखुरलेले असतात. समुद्राच्या बऱ्याच माशांत मधला एक कणा निघाला की काम झालं. बाबांसाठी सुरमई सांगा (तिथं तिला इसवण म्हणतील), मोरी (म्हणजे लहान शार्क) सांगा, आणि मिळाली तर मुडदुशी. ती इतकी हलकी असते की आजारातून उठलेल्यांना देतात. पेडवे-तारली स्वस्त आणि चविष्ट, पण काटेरी. त्या तुम्ही खा. बांगडा तिरफळ घातलेल्या आमटीतच खा, तळलेला कुठंही मिळतो. आणि सावजीची सवय असलेल्या जिभेला पहिल्या दिवशी सगळं फिकं लागेल. लगेच "तिखट वाढवा" म्हणू नका. ओलं खोबरं आणि कोकमाची चव दुसऱ्या जेवणाला कळते. तिखट वाढवलंत तर ती बाई बिचारी वाढवेल आणि तुम्ही मालवणात जाऊन वाईट सावजी खाल.

एकच मासा ठरवून जाऊ नका. "आज गावली नाय" हे वाक्य तिथं रोज ऐकू येतं, मिळाली नाही एवढाच त्याचा अर्थ. त्या दिवशी जे आलंय ते खायचं. सोमवारी बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत, काही घरांत गुरुवारीही नाही. तो दिवस आईंचा.

आईंची काळजी करू नका, कोकणातलं शाकाहारी जेवण लोकांना माहीतच नसतं. कुळथाची पिठी, फणसाची भाजी, घावणे, आणि आंबोळीबरोबर काळ्या वाटाण्याचं सांबार. पण इथं एक इशारा. आपल्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर. माझ्या एका पाहुण्या ताईंनी फोनवर यजमानीणबाईंना बजावलं, "आमच्या सासूबाईंना सांबार चालत नाही हो, कशातच टाकू नका." त्या माऊलीनं चार दिवस काळ्या वाटाण्याचं सांबार त्यांच्या पानाजवळही येऊ दिलं नाही. सगळे ओरपत होते आणि सासूबाई बघत होत्या. वर प्रत्येक भाजीवर मूठभर कोथिंबीर, पाहुण्यांसाठी खास. चौथ्या दिवशी उलगडा झाला. तेव्हा तिथं कोथिंबीर म्हणा.

समुद्रात उतरण्याबद्दल मी कडक आहे. तुमची मुलं तरणतलावात पोहत असतील, तरी समुद्र हा तलाव नव्हे. पाणी खेचतं. ओहोटीच्या वेळी गुडघ्यापलीकडं जायचं नाही. खाडीच्या मुखाशी अजिबात नाही, तिथं वरून पाणी शांत दिसतं आणि खालून नदीसारखं वाहतं. रोज सकाळी यजमानांना विचारायचं, आज पाणी कसं आहे. "आज पाणी बरा नाय, पोरांका आत सोडू नकात" असं उत्तर आलं तर त्यावर वाद नाही. ओढीत सापडलंच तर किनाऱ्याकडं झुंजत यायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचं. हे मुलांना नागपुरातच पाठ करून घ्या.

भरती-ओहोटीसाठी भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. जुना ठोकताळा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, साधारण त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. तीनच्या सुमारास भरती, नऊच्या सुमारास ओहोटी, दिवसातून दोनदा. अष्टमीला भरती सकाळ-संध्याकाळ सहाला. यातून तारखाही निवडता येतात. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास भरती अकरा-साडेअकराच्या पुढं-मागं येते, म्हणजे संध्याकाळी पाच-साडेपाचला ओहोटी आणि सूर्यास्ताला वाळू मैदानासारखी रुंद. मुलांना क्रिकेट खेळता येतं, आई-बाबांना ओल्या घट्ट वाळूवर चालता येतं. अष्टमीला गेलात तर नेमकं त्याच वेळी पाणी माडांच्या जवळ असतं आणि वाळू चिंचोळी. उलट बाजूनं, पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, पाण्याची ओढही जास्त. म्हणून चालायला ते दिवस चांगले, डुंबायला अष्टमीचे. अमावस्येकडं झुकणारे दिवस मिळाले तर रात्री एकदा दिवे मालवून किनाऱ्यावर उभे राहा. हिवाळ्यात कधीकधी लाट फुटताना निळसर उजळते. समुद्रातल्या सूक्ष्म जिवांचा तो प्रकाश. दिसेलच असं नाही. मला सोळा वर्षांत चारदा दिसला.

गाडी वाळूवर नेऊ नका. ओहोटीत वाळू डांबरासारखी घट्ट वाटते. आमच्या एका चालकानं फोटोसाठी नेली आणि चहा प्यायला गेला. परत आला तेव्हा पुढची चाकं निम्मी आत होती आणि पाणी वीस पावलांवर. रापणीच्या दोरानं वीस जणांनी ओढून काढली. त्यांनी पैसे घेतले नाहीत, पण पुढचे तीन दिवस तो चालक दिसला की पोरं ओरडायची, "रापण इली!"

जाताना इथून संत्र्यांची एक पेटी न्या. डिसेंबरात आंबिया बहाराचं पीक बाजारात असतं, आणि कोकणात आपल्या संत्र्याचं कौतुक आहे. संत्रा बर्फीही चालते, पण पेटी उघडल्यावर घरभर पसरतो तो वास बर्फीला नाही.

मालवणला अर्धा दिवस जा, किल्ला बघा. २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी कुरटे बेटावर त्याचा पाया घातला. होडीत आईला बसवताना दोन माणसं हाताशी ठेवा. बाकी दिवसांचा कार्यक्रम आखू नका.

आणि येताना सुकी मासळी घेणार असाल, घ्याच, तर गाडीचा डबा वातानुकूलित आहे हे विसरू नका. सोडे, सुके बांगडे आधी वर्तमानपत्रात, मग दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, मग घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात आणि डब्याच्या कडेला चिकटपट्टी. डबा बर्थखाली अगदी आत सारा. बाबा भुसावळपाशी म्हणतील, "जरा बघू दे रे, फुटलं तर नाही?" वर्धा जाईपर्यंत उघडू देऊ नका.